नोकरीचा मेल आला की उत्तर देण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बनावट नोकरीच्या मेलला फसलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी खरं तर चौकशी केलेली असते. मेलमधल्या नंबरवर फोन लावलेला असतो, मेलमधल्या लिंकवरून कंपनीची वेबसाइट पाहिलेली असते, एचआरचं ओळखपत्रही मागवून घेतलेलं असतं. पण फोन उचलणारा, ती वेबसाइट उभी करणारा आणि ओळखपत्र पाठवणारा असे सगळे एकाच टोळीतले असतात. दुसरी चूक क्रमाची. आधी उत्साहाने उत्तर जातं, मग बायोडेटा, मग ओळखपत्राची प्रत, आणि शंका येते ती थेट पैसे मागितल्यावर. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी पुढे उडी मारू नका.

## १. मेल येण्याआधीची तयारी

ही तयारी एका बैठकीत होते आणि पुढची बरीच डोकेदुखी वाचवते.

नोकरी आणि इंटर्नशिपच्या अर्जांसाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. बँक, आधीची ऑनलाइन खरेदी, सोशल मीडिया यांपैकी काहीही त्या पत्त्याला जोडू नका. त्याबरोबर अर्जांची एक नोंदवही ठेवा. साधी स्प्रेडशीट पुरते: कंपनी, पद, अर्जाची तारीख, अर्ज कुठून केला, जाहिरातीची लिंक. महिन्याभरात पन्नास ठिकाणी अर्ज केल्यावर आपण कुठे केला आणि कुठे नाही हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. «तुमचा अर्ज निवडला आहे» असं लिहिणारा मेल याच गोंधळावर चालतो.

बायोडेटातून जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता, आई-वडिलांची नावं, ओळखपत्राचे क्रमांक आणि सही काढून टाका. नाव, शहर, फोन, ईमेल, शिक्षण आणि काम एवढं पहिल्या फेरीला पुरतं. तुमचा बायोडेटा जॉब पोर्टलवर असेल तर तो अनोळखी हातांत पडणार हे गृहीत धरूनच तो लिहा.

कॉलेजच्या ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. कॉलेजचा ईमेल चोरांना मोलाचा वाटतो, कारण तो हाती लागला की त्यावरून बाकीच्या विद्यार्थ्यांना मेल पाठवता येतात आणि ते मेल घरच्या माणसाचे वाटतात.

शेवटी दोन नंबर आजच फोनमध्ये साठवा: कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचा आणि बँकेच्या फसवणूक तक्रार विभागाचा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्या. घाईच्या वेळी इंटरनेटवर शोधलेला नंबर अनेकदा भामट्याचाच निघतो.

तपासा: आत्ता या क्षणी कुणी विचारलं, «तुम्ही अमुक कंपनीत अर्ज केला होता का?», तर नोंदवही उघडून मिनिटभरात उत्तर देता येईल का? येत नसेल तर पुढे जाण्याआधी ती भरा.

## २. मेल आल्यावर आधी काहीच दाबू नका

उत्तर देऊ नका. लिंक उघडू नका. जोडलेली फाइल डाउनलोड करू नका. «अनसबस्क्राइब» सुद्धा दाबू नका. «मला रस नाही, धन्यवाद» एवढं नम्रपणे लिहिलं तरी पलीकडच्याला कळतं की हा पत्ता चालू आहे आणि माणूस मेल वाचतो.

मग नोंदवही उघडा. अर्जच केलेला नसेल आणि तरी नोकरी मिळाली असेल, तर तो मेल खोटा समजूनच पुढची तपासणी करा. न मागता संपर्क करणारे खरे रिक्रूटर असतात, पण ते बोलणं सुरू करण्यासाठी लिहितात. पहिल्याच मेलमध्ये ते पगार ठरवून रुजू होण्याची तारीख देत नाहीत.

सावधान: «चोवीस तासांत स्वीकृती कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल» ही ओळ तुम्हाला पुढचे टप्पे करू न देण्यासाठी लिहिलेली असते. खऱ्या कंपनीकडे एक दिवस मागितला तर तो मिळतो.

## ३. पाठवणारा कोण ते पाहा

मोबाइलवर मेल वाचताना फक्त नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. इथेच पहिली गफलत होते. नाव कुणालाही कुणाचंही लावता येतं. नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडा. तिथेच «रिप्लाय टू» म्हणजे उत्तर कुठे जाणार तो पत्ताही पाहा. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आणि उत्तर मात्र एखाद्या जीमेल खात्यावर, असं दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा. मेल खोटा आहे.

आता पत्त्यातला @ च्या पुढचा भाग, म्हणजे डोमेन, वाचा. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटचा «डॉट कॉम» आणि त्याच्या लगेच डावीकडचा शब्द, ही खरी मालकी. «करिअर्स डॉट कंपनी डॉट कॉम» हे कंपनीचं असतं, पण «कंपनी डॉट करिअर्स-पोर्टल डॉट कॉम» हे करिअर्स-पोर्टल नावाच्या कुणाचं तरी असतं. कंपनीचं नाव त्यात आहे म्हणून ते कंपनीचं होत नाही. देशाचं शेपूट असलेल्या डोमेनमध्ये, जसं «डॉट को डॉट इन», शेपटाचे दोन्ही तुकडे सोडून त्याच्या डावीकडचा शब्द पाहायचा. लिंकलाही हाच नियम, फक्त «https» नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं. त्यानंतर काय लिहिलंय याला मालकीच्या दृष्टीने अर्थ नाही.

मग अक्षरं सुटी सुटी करून पाहा. इंग्रजी «आर» आणि «एन» शेजारी ठेवले की «एम» सारखे दिसतात. «एल» च्या जागी एकचा आकडा, «ओ» च्या जागी शून्य, नावात घुसवलेली आडवी रेघ, «डॉट कॉम» ऐवजी «डॉट को» हे नेहमीचे प्रकार. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कंपनीचा पत्ता तुम्हाला ठाऊक असेल तर तो स्वतः टाइप करा आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून जुळवा.

डोमेन अनोळखी असेल तर त्याची नोंदणी कधी झाली ते पाहा. इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर डोमेन टाकलं की नोंदणीची तारीख दिसते. «पंचवीस वर्षांची नामांकित कंपनी» म्हणवणाऱ्यांचं डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचं असेल, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून «शो ओरिजिनल» उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्या डोमेनवरून आला का हे पाहणाऱ्या तीन चाचण्यांचे निकाल दिसतात. «फेल» असेल तर तो मोठा धोक्याचा इशारा. पण «पास» वाचून निर्धास्त होऊ नका. मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला, एवढंच त्यातून कळतं. ते डोमेन भामट्याने स्वतः विकत घेतलेलं असेल तरीही तिन्ही «पास» दिसतात.

सावधान: मेल तुमच्याच कॉलेजच्या पत्त्यावरून आला म्हणून तो खरा ठरत नाही. हा गैरसमज माझ्या मते सगळ्यात महाग पडतो. एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा प्राध्यापकांचा पासवर्ड चोरीला गेला की त्यांच्या खऱ्या खात्यावरून शेकडो मेल सुटतात. पत्ता खरा, डोमेन खरं, तिन्ही चाचण्या पास, आणि नोकरी खोटी. म्हणून हा टप्पा पार झाला तरी पाचवा चुकवायचा नाही.

## ४. नोकरी नेमकी कसली ते वाचा

स्पेलिंग आणि व्याकरणाच्या चुका शोधण्यात वेळ घालवू नका. आता बनावट मेलही निर्दोष भाषेत लिहून मिळतात. भाषेऐवजी कामाकडे बघा.

विद्यार्थ्यांना येणाऱ्या मेलमध्ये तीच ती कामं फिरत असतात: बाहेरगावी असलेल्या प्राध्यापकांचा सहायक, कुणा व्यावसायिकाचा घरबसल्या स्वीय सहायक, डेटा एंट्री, दुकानांची गुपचूप पाहणी, घरी पार्सल घेऊन पुढे पाठवणं, व्हिडिओ लाइक करणं किंवा हॉटेलांना रेटिंग देणं. आठवड्याला थोडे तास, अभ्यास सांभाळून, अनुभव नको, आणि पगार त्या कामाच्या मानाने भलताच जास्त. काम काय हे मात्र मेल दोनदा वाचूनही धड सांगता येत नाही.

पुढचं पाऊल कोणतं सुचवलंय तेही पाहा. «तुमचा वैयक्तिक ईमेल आणि मोबाइल नंबर पाठवा» किंवा «व्हॉट्सअॅप अथवा टेलिग्रामवर संपर्क करा» असं असेल, तर तुम्हाला कॉलेजच्या मेलमधून बाहेर काढायचंय. कॉलेजच्या यंत्रणेतला मेल आयटी विभागाला तपासता आणि काढून टाकता येतो, खासगी चॅटवर त्यांचं काही चालत नाही.

मुलाखतच नाही, किंवा मुलाखत फक्त चॅटवर, हेही तसंच. तुमच्याशी एकदाही न बोलता कुणी पगार सुरू करत असेल, तर त्याला तुमच्याकडून वेगळं काहीतरी हवंय.

तपासा: काम काय, ते कुणासाठी, कुठून करायचं आणि वरिष्ठ कोण, ही चार उत्तरं मेलमधून एका कागदावर उतरवा. दोन रकाने रिकामे राहिले तर मेल बाजूला ठेवा.

## ५. स्वतः शोधलेल्या वाटेने खात्री करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. नियम एकच: मेलमध्ये दिलेली कोणतीही गोष्ट खात्रीसाठी वापरायची नाही. नंबर नाही, लिंक नाही, नकाशावरचा पत्ता नाही, «आमच्या संचालकांशी बोला» म्हणून दिलेलं नाव नाही.

कंपनीचा मेल असेल तर तिच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून करिअर पानावर जा. ते पद तिथे आहे का? जाहिरात क्रमांक जुळतो का? शोधयंत्रातून जात असाल तर वरचे «प्रायोजित» लिहिलेले निकाल सोडा, कारण पैसे भरून बनावट पानंही तिथे दिसू शकतात. मग त्या वेबसाइटवरच्या मुख्य नंबरवर फोन करा किंवा तिथल्या ईमेलवर लिहा. मजकूर साधा ठेवा:

«नमस्कार. मला आपल्या कंपनीच्या नावाने अमुक पदासाठी नोकरीचा मेल आला आहे. पाठवणाऱ्याचं नाव आणि ईमेल पत्ता खाली देत आहे. ही व्यक्ती आपल्याकडे काम करते का, आणि हे पद खरोखर भरलं जात आहे का, कृपया कळवावं.»

संकोच करू नका. कंपन्यांना असे प्रश्न हवेच असतात, त्यांच्याही नावाची बदनामी होत असते.

प्राध्यापकांच्या नावाने मेल असेल तर विभागाच्या अधिकृत यादीतून त्यांचा पत्ता घेऊन नवा मेल लिहा, किंवा सरळ त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारा. आलेल्या मेललाच «सर, हे तुम्हीच पाठवलंत ना?» असं उत्तर दिलं, तर «हो» असंच येणार.

लिंक्डइनवर त्या नावाचा माणूस सापडला म्हणजे काम झालं असं समजू नका. भामटे खऱ्या एचआर अधिकाऱ्यांची नावं आणि फोटो उचलतात. माणूस खरा आहे का, हा प्रश्न इथे नाहीच. मेल त्याने पाठवला का, एवढंच विचारायचंय.

व्हिडिओ मुलाखतीचा आग्रह जरूर धरा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. पण मुलाखत झाली तरी फोन करून खात्री करण्याचं काम उरतंच, कारण कॅमेऱ्यासमोर भाड्याचा माणूस बसवता येतो आणि चेहराही बदलून दाखवता येतो.

सावधान: कंपनीकडून उत्तर यायला चार दिवस लागले तर चार दिवस थांबा. «तोवर फॉर्म भरून ठेवू» म्हणत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ६. माहिती आणि कागदपत्रं: कोणती, कधी

अर्ज करताना बायोडेटा. मुलाखतीनंतर गुणपत्रिका आणि शिफारशी. लेखी ऑफर मिळून, तिची खात्री होऊन, तुम्ही ती स्वीकारल्यानंतर ओळखपत्र आणि पगारासाठी खाते क्रमांक, तेही कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत. हा क्रम उलटा झाला, मुलाखतीआधीच ओळखपत्र मागितलं गेलं, तर नकार द्या.

ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख. आधार द्यायचं असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या.

काही गोष्टी कोणत्याच टप्प्यावर द्यायच्या नसतात: पासवर्ड, ओटीपी, दुहेरी पडताळणीचा कोड, कार्डाचा किंवा यूपीआयचा पिन, नेटबँकिंगचं लॉगिन, तुमच्या नावाचं सिम कार्ड. पगार खात्यात यायला यांपैकी काहीही लागत नाही. स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असं अॅप «कागदपत्रं भरायला मदत» म्हणून टाकायला सांगितलं तर संभाषण बंद करा.

गुगल फॉर्मवर कॉलेजचा ईमेल आणि पासवर्ड मागणारे «अर्ज» खूप फिरतात. फॉर्मचा पत्ता खरोखर गुगलचा असतो, त्यामुळे मुलं फसतात. तो फॉर्म कुणीही बनवू शकतं, आणि «गुगल फॉर्ममधून कधीही पासवर्ड पाठवू नका» अशी सूचना त्याच फॉर्मच्या तळाशी गुगलने दिलेली असते.

## ७. पैशाची दिशा पाहा

नोकरीत पैसा मालकाकडून तुमच्याकडे येतो. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, पार्श्वभूमी तपासणी, लॅपटॉपची अनामत, «परत मिळणारी» सुरक्षा रक्कम अशा कोणत्याही नावाने तो उलटा वाहू लागला की थांबा. रक्कम छोटी असली तरी. पहिली छोटी रक्कम तुम्ही देता का, हे पाहण्यासाठीच ती मागतात.

ज्या देशांत धनादेश अजून रोजच्या वापरात आहेत, विशेषतः अमेरिका आणि कॅनडात, तिथे शिकणाऱ्यांनी पुढचा प्रकार नीट समजून घ्यावा. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने २०१७ च्या जानेवारीत कॉलेज विद्यार्थ्यांना याच पद्धतीबद्दल जाहीर इशारा दिला होता आणि ती आजही चालते. «ऑफिसचं सामान घ्या» म्हणून धनादेश येतो. तुम्ही तो खात्यात भरता, एक-दोन दिवसांत रक्कम खात्यात दिसते. मग त्यातला ठरावीक भाग ठरलेल्या «विक्रेत्याला» पाठवायला किंवा गिफ्ट कार्ड घेऊन त्यांचे कोड कळवायला सांगतात. बँकेला नियमानुसार रक्कम लवकर उपलब्ध करून द्यावी लागते, पण धनादेश बनावट असल्याचं कळायला काही आठवडेही लागू शकतात. तो परत आला की बँक पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून वळती करते. पाठवलेले पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात.

लाइक आणि रेटिंगसारख्या ऑनलाइन कामांच्या प्रकारात उलटं दिसतं. आधी दोन-चार वेळा खरोखर थोडे पैसे मिळतात. विश्वास बसला की «पुढची कामं उघडायला» रक्कम भरायला सांगतात, अॅपवर नफा वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की कर किंवा दंड म्हणून आणखी मागतात. तो नफा म्हणजे पडद्यावरचा आकडा असतो.

सावधान: «तुमच्या खात्यात रक्कम येईल, कमिशन ठेवून बाकीची पुढे पाठवा» हे काम कधीही घेऊ नका. तो पैसा दुसऱ्या कुणाला फसवून आणलेला असतो. खातं गोठतं आणि चौकशी तुमच्यापाशी येते. पार्सल घेऊन पुढे पाठवण्याचंही तेच: सामान चोरीच्या कार्डावर घेतलेलं असतं आणि पत्ता तुमचा असतो.

## ८. अडकलात तर: पहिल्या तासातलं काम

आधी शरमेने गप्प बसणं थांबवा. हे वाक्य उपदेश म्हणून लिहीत नाही. पैसे परत मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते आणि ते तास «घरी काय सांगू» या विचारात जातात.

पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला. व्यवहार क्रमांक देऊन रक्कम थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. भारतात असाल तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. अमेरिकेत असाल तर एफबीआयच्या आयसी३ या तक्रार केंद्राकडे आणि ग्राहकांचं संरक्षण पाहणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडे. बनावट धनादेश भरला असेल पण रक्कम वापरली नसेल, तर एक पैसाही न हलवता बँकेला कळवा.

पासवर्ड दिला असेल तर तो दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. मग मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रिकव्हरीचा ईमेल तपासा. हे बहुतेक जण विसरतात. पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल चोराकडे जात राहतील अशी सोय तिथे करून ठेवलेली असू शकते.

ओळखपत्राची प्रत गेली असेल तर तक्रारीत तसं नमूद करा, आणि पुढचे काही महिने तुमच्या नावावर कर्ज किंवा सिम निघालं नाही ना हे क्रेडिट रिपोर्ट व मोबाइल कनेक्शनच्या नोंदीतून पाहत राहा.

रागाच्या भरात मेल आणि चॅट पुसून टाकू नका. चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. मेल पुढे पाठवताना तो फाइल म्हणून जोडून पाठवा, नुसता फॉरवर्ड केला तर तो कुठून आला याची तांत्रिक माहिती गळून जाते. भामट्याला «मला कळलंय» असं सुनावण्याचा मोह टाळा. त्याने «करार मोडला, पोलीस येतील» असं धमकावलं तर उत्तर न देता तो मेसेजही पुराव्यात ठेवा. परदेशात विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना «विनापरवाना काम केलंत, तक्रार करू» अशी भीती घातली जाऊ शकते. अशा वेळी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगा.

सावधान: काही दिवसांनी «तुमचे बुडालेले पैसे काढून देतो» असा मेल किंवा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. शुल्क घेऊन पैसे परत आणून देणारा कुणीही नसतो.

मूळ मेल कॉलेजच्या आयटी विभागाला आणि प्लेसमेंट सेलला त्याच दिवशी पाठवा, तुम्ही फसला नसलात तरी. तोच मेल तुमच्या वर्गातल्या इतरांनाही आलेला असतो, आणि आयटी विभागाला तो सगळ्यांच्या इनबॉक्समधून एकाच वेळी काढून टाकता येतो.